ह्यांनी बसवलेली पिन

७ एप्रिल, सोमवार
इस्त्रीची पिन जळाली. ह्यांचा सदरा पसरला, बटण दाबलं, बोर्डात चट्ट झालं आणि घरभर वास. आधी वाटलं दूध करपलं. जाऊन बघते तर दूध जागेवर, पिनेचा एक पाय बोर्डाच्या भोकात पघळून बसलेला. मेन बंद करून पक्कडीनं ओढली तेव्हा सुटली. पोरांचा दात पाडताना घर कसं गोळा व्हायचं, तसे हे मागं येऊन उभे राहिले.

दुपारी दौंडहून वन्संचा फोन. नातीचा साखरपुडा ठरला. २७ तारीख, रविवार. "दादाला घेऊनच या वहिनी, मी काय ऐकणार न्हाई." एकुलती एक धाकटी बहीण. ह्यांना सांगितलं. म्हणाले, बघू.

ह्यांचं बघू म्हणजे काय, ते त्रेचाळीस वर्षांत मला कळलंय.

ला.गे. (लाईट गेली. रोज किती वेळा पूर्ण लिहायचं.)

८ एप्रिल, मंगळवार
संतोषचा रांजणगावहून फोन, कंपनीत जेवणाची सुट्टी होती म्हणाला. आई, जुनी टाकून दे, मोबाईलवर नवी मागवतो, परवा दारात येईल. हे शेजारी बसून ऐकत होते. फोन माझ्या हातातून घेतला. "पिन जळलीय, इस्त्री न्हाई. चपलेचा अंगठा तुटला तर तू पाय बदलतोस का रं?" आणि ठेवून दिला. लेकराची जेवणाची सुट्टी फुकट गेली.

मग मला म्हणाले, पिन मी बसवणार.

मी हो म्हटलं. खरं तर दहा मिनिटांचं काम. माझं मी केलं असतं. शिकवलं ह्यांनीच. हे कारखान्यात इलेक्ट्रिक खात्याला हेल्पर, कधी ही पाळी कधी ती. नदीवरची मोटार, स्टार्टर, घरातला फ्यूज, सगळं मागं माझ्या गळ्यात. शाळा मी बघितली नाही. अक्षरं खताच्या गोणीवरून शिकले आणि वायर ह्यांच्याकडून. ह्यांचा पहिला धडा: आधी टेस्टर, मग हात. त्या बोलण्यावर मी एवढी वर्षं जिवंत आहे.

पण दिवाळीनंतर ह्यांचा उजवा हात गेला. म्हणजे आहे, पण हाक मारली की लगेच येत नाही. धरलेली कपबशी वाजते. तेव्हापासून पारावर जाणं बंद, कार्याला जाणं बंद, जेवायलासुद्धा भिंतीकडं तोंड करून बसतात. तो माणूस आपण होऊन पिन बसवतो म्हणतोय. मी कशाला मधे तोंड घालू.

१० एप्रिल, गुरुवार
मी शिरूरला गेले. ह्यांच्या गोळ्या, हळद, एक थ्री पिन. दुकानदार म्हणाला, मावशी, बसवणार कोण, माणूस पाठवू का. म्हटलं, आमचे मालक कारखान्यात होते. त्यानं पाकीट पुढं सरकवलं. पिनेच्या पाकिटावर बारीक रंगीत चित्र आहे, कुठली वायर कुठं ते. पाकीट ह्या डायरीत ठेवलं. बरं असतं जवळ.

येताना जीपमध्ये मांडीवर कोंबडी घेतलेली बाई शेजारी. कोंबडीनं गोळ्यांच्या पिशवीला भोक पाडलं. गोळ्या मोजून घेतल्या, पुऱ्या आहेत.

११ एप्रिल, शुक्रवार
आज पिनेचा मुहूर्त. हे ओसरीत पाट टाकून बसले. जळकं टोक उडवायचं म्हणून वायर विळीवर धरली. डाव्या हाताचा अंदाज, चार बोटांच्या जागी वीतभर गेली. मग सोलणं. कारखान्यातली सवय, दातात धरायची आणि खस्सकन ओढायची. धरली, ओढली. सालपट निघालं, पण दातांसकट. वरची कवळी वायरीला लटकलेली.

मी पदर तोंडात कोंबला. हे माझ्याकडं बघतायत, मी भिंतीकडं बघतेय. कवळी धुऊन बसवली आणि म्हणाले, "पयल्यासारखी धार ऱ्हायली न्हाई."

त्या ओढाओढीत आतल्या तांब्याच्या तारा तुटल्या. परत कापावी लागली. वायर मूळची चार हात होती. संध्याकाळी मोजली तर तीन हात, आणि पिन अजून खोक्यात.

१२ एप्रिल, शनिवार
हनुमान जयंती. दरसाल कडक इस्त्रीचा सदरा घालून हे सगळ्यांच्या आधी देवळात. ह्यांची इस्त्री म्हणजे सदरा भिंतीला टेकवून उभा राहील अशी. ती ह्यांची ह्यांनीच करायची, मला कधी हात लावू दिला नाही. ह्या पाच महिन्यांत मी करते तर दर वेळी कॉलरकडं बघून उसासा.

आज म्हणतात, "बिनइस्त्रीच्या सदऱ्यानं मारुतीपुढं जाऊ व्हय?"

शमीमकडं इस्त्री आहे. शेजारीच, भिंतीला भिंत. म्हटलं आणते. नको. फाट्यावर लाँड्री झालीय, तिथं देते. नको. "परक्या हाताची इस्त्री अंगाला टोचती."

प्रसाद घेऊन एकटीच परत येत होते तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. देवळात दहा जणांनी विचारलं, आबा कुठायत. पिन नाही म्हणून सदरा नाही, सदरा नाही म्हणून चारचौघांत जाणं नाही. जळकी पिन ह्यांना बरी सापडली. २७ तारीख सरेपर्यंत ती अशीच राहावी, हेच मनात असणार. हात कुणाला दिसायला नको.

आणि मी खुळी गावभर सांगतेय, हे पिन बसवतायत.

१३ एप्रिल, रविवार
वन्संचा फोन. दादाला दे म्हणाल्या. शेताकडं गेलेत म्हणून सांगितलं. हे समोर बसून शेंगा फोडत होते. डाव्या हातानं.

ला.गे. दोनदा.

१४ एप्रिल, सोमवार
आज सविस्तर लिहायचंय.

सकाळी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, राहू द्या ती पिन, कुणी वायरमन सांगते, येता-जाता लावून जाईल. हातातला चहा तसाच ठेवून उठले.

साडेनऊला बसले, सोलण्यात आणखी वीतभर वायर घालवली, ते पाऊण वाजता उठले. तीन स्क्रूंसाठी. पिन डाव्या हातात, स्क्रूड्रायव्हर उजव्या. उजवा हात यायचा, खाचेत टेकायचा, थरथरायचा, घसरायचा. एक स्क्रू उडून माझ्या सुपात पडला. मी तांदूळ निवडता निवडता स्क्रू निवडून दिला. कानशिलावर घाम, पण मदत मागितली नाही. मीही विचारलं नाही. एकदा निवडलेले तांदूळ मी तीनदा निवडले.

रंगांपाशी मात्र अडले. ह्यांच्या काळी वायरी तांबडी, काळी, हिरवी. ह्या इस्त्रीच्या तपकिरी, निळी आणि एक हिरव्या-पिवळ्या पट्ट्याची. पुष्कळ वेळ तिन्ही बोटांत धरून बसले. मग मला समजावून सांगितलं, पूर्वी सांगायचे तसंच: "निळी ही काळीची भन. न्यूट्रल. पिवळा रंग आमच्या कारखान्यात फेजला असायचा, म्हंजी ही पट्ट्याची फेज. ऱ्हायली तपकिरी. मातीचा रंग. आन् अर्थिंग जातं कुठं? मातीत. लई डोकं लावलंय कंपनीवाल्यांनी."

इतकं बिनतोड सांगितलं की मीसुद्धा मान हलवली.

झाकण लागायला आणि लाईट जायला एक गाठ. म्हणाले, आली की लावून बघ, मी दाढी करून येतो. दाढी. पाच महिने मी करतेय ह्यांची दाढी, मागच्या दारी, कुणी बघू नये म्हणून. आज आपल्या पायानं सलूनला निघाले. मी दारात उभी राहून वळणापर्यंत बघितलं.

लाईट आली. रबरी चपला घातल्या, पाटावर उभी राहिले, इस्त्री लावली. तापेना. ह्यांचाच टेस्टर काढून इस्त्रीच्या पत्र्याला टेकवला तर टेस्टरात दिवा. अख्ख्या इस्त्रीत करंट. आधी हात लावला असता तर २७ तारखेला लोक दौंड सोडून इकडं आले असते.

पाकिटावरचं चित्र बघितलं. तपकिरी ती फेज. पट्ट्याची ती अर्थिंग. ह्यांनी नेमकी अदलाबदल केलेली.

आता आली का पंचाईत. सांगावं तर माणूस आत्ता कुठं सलूनच्या खुर्चीत बसलाय. परत उठायचा नाही तो घरातून. न सांगावं तर इस्त्री ही अशी. बटण बंद केलं, पिन काढली, उघडायला घेतली. स्क्रू इतके घट्ट की माझ्याच्यानं हलेनात. भिंतीवरून शमीमला हाक मारली. तिनं पिन पक्कडीत धरली, मी दोन्ही हातांनी पिळलं, तेव्हा कुठं सुटले. तपकिरी वायर स्क्रूखाली पार चिरडली होती. वीतभर कापली. नीट जोडलं, टेस्टर लावला. दिवा नाही. इस्त्री तापली.

शमीम म्हणाली, "काकी, हे तर चोरीचं काम झालं." म्हटलं, तुझ्या तोंडाला कुलूप घाल.

हे आले. गाल गुळगुळीत, कानामागं पावडर. इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकला. चर्र झालं. परत एक थेंब टाकला.

जमलं हो तुमचं, मी म्हटलं. खोटं बोलताना मला एरवी ठसका लागतो. आज लागला नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
सदऱ्याला स्वतः इस्त्री केली. कॉलर दोनदा. घालून पारावर गेले, दिवेलागणीला आले. तिथं पिनेची कथा सांगितली असणार, कारण संध्याकाळी मी दळण आणायला गेले तर गिरणीवालाही म्हणाला, आबांनी पिन बसवली म्हणं.

१६ एप्रिल, बुधवार
शिरूर, डॉक्टर. त्यांनी विचारलं, रबरी चेंडू दाबता ना रोज. चेंडू मागंच कुत्र्यानं पळवलाय, ते आम्ही सांगितलेलं नाही. हे म्हणाले, "चेंडूबिंडू न्हाई, पिन बसवतो." डॉक्टरांनी दोन बोटं पुढं केली, दाबा म्हणाले. ह्यांनी दाबली. डॉक्टरांनी हात झाडून घेतला. म्हणाले, आबा, जे काय करताय ते चालू ठेवा.

मी मान खाली घालून गोळ्यांची चिठ्ठी वाचत बसले.

१८ एप्रिल, शुक्रवार
शमीम दारात, हातात मिक्सर. पिन खिळखिळी झालीय. मी डोळे वटारले. ती हळूच म्हणते, "माझ्याकडं बघू नका काकी. आमच्या मालकांना आबांनीच पारावर सांगितलं, पाठव म्हणून."

हे पाटावर तयार. दीड तासात बसवली. गेल्या खेपेपेक्षा निम्मा वेळ. मातीची गोष्ट शमीमलाही सांगितली. तिनं मोठ्या अदबीनं ऐकली, व्हय आबा, व्हय आबा करत. लावून बघू म्हणाले तर मीच घाई केली, तिचं वाटण खोळंबलंय, मी पोचवून येते. तिच्या ओट्यावर बसून सगळं परत. स्क्रू पुन्हा तसेच. आमच्या दोघींच्यानं हटेनात. शेवटी तिच्या मालकांना टेम्पो धुता धुता बोलावलं.

म्हणजे आता दोघांच्या तोंडाला कुलूप.

परत आले तर हे म्हणतात, "वेळ लागला." म्हटलं, बोलत बसलो. हे काही खोटं नाही.

१९ एप्रिल, शनिवार
इस्त्री करताना ह्यांनी वायर मोजली. एवढ्यात वायर मोजायची काय गरज.

"मी बसवली तवा अडीच हात हुती. आता दोनच."

म्हटलं, उन्हानं आखडली असेल.

"तांबं उन्हानं वाढतं," असं म्हणाले आणि कॉलर करायला लागले. माझी पाठ होती म्हणून बरं.

२१ एप्रिल, सोमवार
वन्संचा फोन. आज ह्यांनी स्वतः घेतला. मी आतून ऐकतेय. बराच वेळ हं, हं. मग, "येतो की. का न येऊ?"

मी हातातली परात खाली ठेवली. येतो म्हणाले. पाच महिन्यांत कुणाला येतो म्हणालेले नाहीत.

मग पुढचं ऐकलं. वन्संचा कूलर आहे, मोठा, पत्र्याचा. साखरपुड्याला पाहुणे येणार आणि त्याची पिन तुटलीय. "कुणाला हात लावू देऊ नको. मी येतोय न्हवं, आल्या आल्या बसवतो."

पत्र्याचा कूलर. आत पाणी, खाली ओली फरशी, भोवती अनवाणी पोरंटोरं. तिथं शमीमचा ओटा नाही आणि मी मधे पळवून न्यायला तो मिक्सरही नाही. हे स्वतः लावणार आणि स्वतः पहिला हात ठेवणार.

आता सांगायलाच पाहिजे. सांगितलं की दौंड बंद. कदाचित सगळंच बंद.

भाकऱ्या करपल्या.

२२ एप्रिल, मंगळवार
आडून सांगून बघितलं. पाकीट पुढं केलं, म्हटलं, अहो ह्या चित्रात तपकिरी वेगळीकडं दिसतीय बाई. चष्मा लावला, काढला. "छापताना चुकलंय." शिवाय म्हणाले की अशा चुका कोण बघतो, म्हणूनच लोकांच्या इस्त्र्या जळतात.

ला.गे. बरं झालं, तोंड दिसलं नाही.

२३ एप्रिल, बुधवार
आज मी सांगणार होते. सकाळी हे दौंडला न्यायची पिशवी काढून बसले. पक्कड, टेप, स्क्रूड्रायव्हर, खाली धोतर. इतके खूश की कुत्र्यालाही नावानं हाक मारली.

उद्या.

२४ एप्रिल, गुरुवार
सांगितलं.

जेवणं झाल्यावर पाट मांडला, चपला घातल्या, इस्त्री पुढं घेतली आणि पिन उघडली. काय करतीस, विचारलं. म्हटलं, तुम्ही चौदा तारखेला बसवली होती तशी बसवतेय. तपकिरी अर्थिंगला, पट्ट्याची फेजला. झाकण लावलं. इस्त्री पाटावर ठेवली, ह्यांना त्यांच्या चपला दिल्या. बटण दाबलं. टेस्टर ह्यांच्या उजव्या हातात दिला.

"आधी टेस्टर, मग हात. मला कुणी शिकवलं?"

ह्यांनी टेकवला. हात थरथरत होता, त्यामुळे दिवा लागायचा, जायचा, लागायचा. बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"मग त्या दिवशी तापली कशी?"

"तुम्ही दाढीला गेला तवा मी बदलली."

"आन् शमीमचा मिक्सर?"

"तिच्या ओट्यावर बसून."

"म्हंजी तिला ठावं हाय."

"व्हय. तिच्या मालकांनाबी."

बटण बंद केलं. टेस्टर माझ्यापुढं ठेवला, हळूच, आवाज न करता. आपटला असता तर मला बरं वाटलं असतं. बाहेर लिंबाखाली जाऊन बसले.

वायरी मी परत सरळ करून ठेवल्या.

बरोबर केलं मी. कूलर पत्र्याचा, खाली पाणी. बरोबरच केलं. मग माझी रात्रीची भाकरी कुत्र्याला का गेली.

२५ एप्रिल, शुक्रवार
बोलत नाहीत. सकाळी दाढीचं सामान आणून माझ्यापुढं ठेवलं. म्हणजे सलून संपलं. मागच्या दारी बसून केली. नुसता वस्तऱ्याचा आवाज. दौंडची पिशवी रिकामी करून परत खुंटीला टांगलेली.

वन्संचा फोन, किती वाजता निघताय. मी म्हटलं, बघू. आता मीही बघू म्हणायला लागले.

दुपारी शमीम आली. त्याच मिक्सरमधली शेंगदाण्याची चटणी, वाटीवर वाटी झाकून. ह्यांच्या समोर ठेवली आणि खालीच बसली. म्हणाली, "आबा, माझ्यावर राग हाय म्हणं."

हे लिंबाच्या फांदीकडं बघतायत.

"राग धरा. पर आधी एक ऐका. काकी पिन सोडवायला बसली तर स्क्रू हलंना. मी पक्कड धरली, काकीनं दोन्ही हात लावले, घामाघूम झालो. मिक्सरच्या टायमाला तर आमच्या मालकांना बोलावलं. टेम्पोची चाकं खोलणारा माणूस. त्यो म्हणाला, ही आवळलीय कुणी?"

ह्यांनी मान वळवली. कालपासून पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"खरं?"

"खरं," मी म्हटलं. "वायर चिरडली होती स्क्रूखाली. म्हणून तर कापावी लागली."

उजवा हात पुढं धरला, उलटा केला, सुलटा केला. एखादी वस्तू उसनी दिलेली परत आल्यावर आपण बघतो तसा. "ह्यानंच आवळल्यात," म्हणाले. शमीमला म्हणाले, मला की हाताला, कळलं नाही. मग भाकरी मागितली आणि चटणी सगळी संपवली. शमीमसमोर. भिंतीकडं तोंड न करता.

एवढी मोठी गोष्ट मी सांगितलीच नव्हती. चूक झाकायच्या नादात चांगलंही झाकलं गेलं. माझ्यासारखी शहाणी मीच.

२६ एप्रिल, शनिवार
चहा झाल्यावर आपण होऊन पाट टाकला. "ते पाकीट आण." चष्मा लावून चित्र बघितलं. पाकीट उलटं करूनही बघितलं. मग बोटांत वायरी धरून म्हणाले, "हिरवी-पिवळी म्हंजी पीक. पीक असतं कुठं? मातीत. तरीच."

म्हणजे कंपनीवाल्यांनी डोकं लावलंय ते लावलंयच.

मी तांदूळ निवडायला बसले नाही. बाहेर जाऊन धुणं धुतलं. मधे एकदा खिडकीतून बघितलं, स्क्रू खाली पडला होता, हे गुडघ्यावर येऊन शोधत होते. गेले नाही आत. तासाभरानं हाक आली. झाकण लागलेलं, इस्त्री पाटावर, पायात चपला. टेस्टर टेकवला. दिवा नाही. मलाही टेकवायला लावला. दिवा नाही. मग पाण्याचा थेंब. चर्र.

फक्त वायर. जुनी टोकं काळी पडलीत म्हणून कापली, मग सोलताना एकदा कापली (कात्रीनं, दात ठेवले होते वाटीत). आता उरलीय सव्वा हात.

दौंडचं मी विचारलं नाही. संध्याकाळी शमीमच्या मालकांनी रस्त्यावरून विचारलं, आबा, उद्या दौंड का. हे म्हणाले, "ऊन लई हाय." ह्याचा अर्थ मला त्रेचाळीस वर्षांतही कळत नाही.

२७ एप्रिल, रविवार. सकाळ
जीप साडेनऊला, फाट्यावर.

सहाला जाग आली तर खोलीत ओढाओढीचा आवाज. सव्वा हात वायरीची इस्त्री टेबलापर्यंत पोचत नाही. ह्यांनी बोर्डाखाली स्टूल ओढलं, त्यावर पोरांची ट्रंक, तिच्यावर घोंगडी, वर चादर. अशी माडी रचून भिंतीला नाक लावून उभे. इस्त्रीला हलायला जागा नाही, म्हणून कापडानं हलायचं. सदरा मी धरायचा, मी ओढायचा, मी फिरवायचा. "सावकाश. बाही आली. थांब. आता कॉलर." उजव्या हातानं. कपबशीसारखी खडखड नाही, थोडी आहे, पण इस्त्री जड असल्यामुळं हात तिच्याखाली गप बसतो. कॉलर दोनदा.

सदरा झाला. मग म्हणाले, "तुझं पातळ आण."

माझ्या पातळाला ह्यांनी आजवर इस्त्री केलेली नाही. नऊवार ते, सव्वा हाताच्या वायरीवर. हे बोर्डापाशी, मी पातळाचं दुसरं टोक धरून ओसरीत, तिथून अंगणात. शमीमनं भिंतीवरून बघितलं आणि तोंडावर ओढणी धरून आत गेली.

आता पावणेनऊ. मी पातळ नेसून, पिशवी भरून बसलेय. हलले की कडकड वाजतंय. हे अंघोळीला गेलेत. येणार का ते विचारलं नाही. विचारलं तर म्हणतील, बघू. वन्संचा फोन दोनदा वाजून गेला, मी उचलला नाही.

सदरा खुंटीवर आहे. हे लिहिताना आत्ता लक्ष गेलं, वरच्या खिशाला पेन लावतात तसा टेस्टर लावलाय. काल मी तो फळीवर ठेवला होता.